गिरणगाव १९८२ : दोघांनी लिहायच्या एका गोष्टीच्या प्रकल्प नोंदी

१० जानेवारी २०२१

ताईंशी आज फोनवर सविस्तर बोलणं झालं आणि विषय पक्का झाला. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा १९८२चा संप, लालबागची एक चाळ, चाळीतली खानावळ. दोन पात्रं, दोन लेखक. खानावळ चालवणारी इंदूवैनी ताई लिहिणार, तिच्याकडे जेवणारा ज्ञानू मी लिहिणार. मधे काय घडणार, शेवट काय, यातलं काहीही ठरवलेलं नाही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं त्याला आपल्या पात्राकडून उत्तर द्यायचं, आणि गोष्ट अशीच पुढे न्यायची.

असा रोलप्ले, म्हणजे पात्र होऊन एकमेकांना उत्तरं देत लिहिणं, आम्हा दोघांनाही नवा नाही. आजवर राजवाडे, जादूगार, अंतराळयानं असलं पुष्कळ लिहून झालंय, बहुतेक इंग्रजीत आणि अनोळखी लोकांबरोबर. मराठीत, आपल्याच माणसांबद्दल, इतक्या जवळच्या काळाबद्दल लिहायची मात्र दोघांचीही पहिलीच खेप. ताई कुडाळला शाळेत शिकवतात, मी पुण्यात असतो. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं, म्हणून ज्ञानू पाटणचा. इंदू कुडाळकडची. गिरणगावात घाटावरची आणि कोकणातली माणसं एकाच चाळीत नांदत होती, त्यामुळे जोडी आपोआप जमली.

एक मोठा योग सापडलाय. १९८२ आणि २०२१ या दोन्ही वर्षांचं कॅलेंडर वारांसकट एकच आहे. संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२चा दिवस सोमवार होता, यंदाही त्या तारखेला सोमवार येतोय. त्यामुळे गोष्ट रोजच्या रोज चालवायची, आजची तारीख तीच गोष्टीतली तारीख. पगाराची १० तारीख आली की इंदूच्या खानावळीतही १० तारीख. गोष्टीतला दिवस उजाडायच्या आधी त्याबद्दल लिहायचं नाही.

१६ जानेवारी

नियमांची बैठक. ताईंनी दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याचं उदाहरण दिलं आणि सगळं सोपं झालं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. खेळाच्या आधी आख्यान कोणतं, कोणी कुठलं काम करायचं, कथा कुठून कुठे जाणार एवढंच ठरतं. बाकी संवाद तिथल्या तिथे, समोरच्याच्या बोलण्यातून निघणारे. मंचावर एक लाकडी बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. एवढ्यावर रात्र काढतात. ताई लहानपणापासून जत्रांमधून हे बघत आल्यात. त्या म्हणाल्या, "चांगला नट समोरच्याला पेचात टाकतो, पण त्याचं तोंड बंद करत नाही." हे वाक्य मी नियमांच्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

बाकीचे नियम त्याच्यातूनच निघाले. इंदू काय बोलली, काय केलं, तिला काय वाटलं हे फक्त ताई लिहिणार. मी फार तर "ज्ञानूनं पैसे पुढे केले" इथपर्यंत जाऊ शकतो. तिनं ते घेतले की नाही हे मी लिहायचं नाही. रोलप्लेवाले याला गॉडमोड म्हणतात आणि तो का टाळायचा हे कुणाला पटवून सांगावं लागत नाही. आपल्या पात्राचं मात्र काहीही करायची मोकळीक, आधी विचारायची गरज नाही. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात. चाळीतली इतर माणसं, म्हणजे इंदूचा नवरा, भय्या दूधवाला, वाणी, ही दोघांचीही. ज्याला गरज पडेल त्यानं लिहावीत.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती माहितीवर. संपाचं पुढे काय झालं हे आम्हाला माहीत आहे. ज्ञानूला आणि इंदूला माहीत नाही. रोलप्लेमध्ये लेखकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला चोरून देणं हा जुना रोग आहे. ऐतिहासिक गोष्टीत तर तो पानोपानी होऊ शकतो. सावध करणारे म्हातारे, अशुभ स्वप्नं, "काहीतरी विपरीत घडणार" असं वाटणारे जीव. हे सगळं बंद. जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली ती जिंकायच्या खात्रीनं बसली होती. दिवाळीच्या बोनसवरून आधीच काही गिरण्या बंद पडल्या होत्या, कामगार नेते दत्ता सामंतांनी दुसऱ्या उद्योगांत मोठ्या पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. ज्ञानूचा विश्वास खरा असला पाहिजे, माझ्या लेखणीतून त्याची कीव डोकावली तर गोष्ट मेली.

रेषा आणि पडदे पण ठरले. रेषेपलीकडचं गोष्टीत येणारच नाही: लहान मुलाचा मृत्यू आणि इंदूवर शारीरिक जबरदस्ती. पडद्याआड म्हणजे घडलं तरी थेट दाखवायचं नाही: नवऱ्याची दारू आणि त्यानंतरचं.

१८ जानेवारी

पहिली पाळी माझी. ज्ञानू नेहमीच्या वेळी पहाटे उठतो. कामावर जायचं नाही हे माहीत असूनही दाढी करतो, धुतलेला शर्ट घालतो, गॅलरीत येऊन उभा राहतो. खाली रस्त्यावर सणासारखी गर्दी. तो साचेखात्यात, म्हणजे विणकामात, बदलीवर आहे, कायम नाही. त्याला रोज दारावर जाऊन काम मिळतंय का बघावं लागायचं, आज पहिल्यांदाच कायमचा आणि बदलीवाला एका रांगेत उभे आहेत. याचा त्याला आनंद झालाय.

ताईंचं उत्तर संध्याकाळी आलं. इंदूनं आज पीठ नेहमीपेक्षा जास्त भिजवलंय, कारण सगळे एकाच वेळी जेवायला येणार. तीन पाळ्यांची माणसं तिनं कधी एकत्र बघितलेलीच नाहीत. खोलीत बसायला जागा नाही, पंगत जिन्यापर्यंत गेली. मी संपाचा विचार मोर्चा आणि घोषणांतून करत होतो, ताईंनी तो पिठातून दाखवला.

२ फेब्रुवारी

चाल बसतेय. एका पाळीला दीडशे ते अडीचशे शब्द. पाळीच्या शेवटी दुसऱ्याला धरायला काहीतरी हवं: एखादा प्रश्न, पुढे केलेला हात, अर्धवट उघडलं दार. नुसतं पात्राच्या मनातलं लिहीत गेलं की दुसऱ्याला करायला काही उरत नाही. मनातलं समोरच्या पात्राला ऐकू येत नाही, त्याला उत्तर देता येत नाही. ज्ञानूचं मन दिसलं पाहिजे ते त्याच्या वागण्यातून, इंदूला दिसेल अशा ठिकाणी.

ज्ञानूला मी एक लकब दिलीय. साचेवाल्यांना, साच्यात धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तोंडानं धागा ओढून घ्यावा लागायचा, दिवसभरात किती वेळा त्याला मोजमाप नाही. त्यामुळे विचारात असला की तो ओठ आत ओढतो, दातांशी काहीतरी लागल्यासारखं करतो. शिवाय मोठ्यानं बोलतो. साच्यांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

१० फेब्रुवारी

आज गोष्टीतली पहिली कोरडी १० तारीख. जानेवारीचा अर्धा पगार असेल-नसेल, आणि खानावळीचे पैसे पगारावर चुकते करायचा रिवाज. आजचा प्रसंग इथे उतरवून ठेवतो, कारण दोघांनी लिहिण्यात काय ताकद असते ते मला आज नीट कळलं.

मी लिहिलं: ज्ञानू मुद्दाम उशिरा येतो, बाकीचे उठून गेल्यावर. उंबऱ्यातूनच सांगतो, "वैनी, आज भूक न्हाय. सांगाय आलतो, भाकरी टाकू नगा." आणि तिथेच थांबलो.

माझा अंदाज होता की इंदू आग्रह करेल किंवा रागावेल. दोन्हीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. ताईंनी तिसरंच केलं. इंदू काही बोलतच नाही. कोनाड्यातली वही काढते, ज्ञानूच्या पानावर आजची तारीख घालते, एका जेवणाची खूण करते, पेन्सील कानामागे खोचते. मग तव्यावर भाकरी टाकते आणि म्हणते, "लिवलंय मी. आता जेव नायतर जेव नको, ताट तुझ्या नावार चडला."

ज्ञानूला हात न लावता तिनं त्याला बसवलं. जेवला नाही तर फुकटचं कर्ज, जेवला तर स्वाभिमान जातो. मला बराच वेळ उत्तर सुचत नव्हतं. शेवटी ज्ञानू बसतो. भाकरी खातो, कालवण खातो, बांगड्याचा तुकडा मात्र तसाच उचलून परत भांड्यात ठेवतो आणि विचारतो, "माशाची येगळी खूण आसती का?" ताईंनी कंसात लिहिलं: ((हे मला सुचलं नसतं)). त्यांची वही मलाही सुचली नसती. एकट्यानं लिहिताना असा प्रसंग सरळ जातो, कारण दोन्ही बाजू एकाच डोक्यात असतात आणि डोकं आधीच तडजोड करून बसलेलं असतं.

तेव्हापासून गोष्टीला आम्ही "वही" म्हणायला लागलोय.

७ मार्च

भाषेचं काम. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद ज्याचे त्याच्या बोलीत, हे आधीच ठरलं होतं. ताईंची मालवणी जिवंत आहे, माझी पाटणकडची बोली आजोळच्या सुट्ट्यांपुरती. मामांना फोन करून वाक्यं तपासून घेतोय. पण गिरणगावात राहिलेली माणसं आपापली बोली जशीच्या तशी ठेवत नव्हती. मुंबईची भाषा दोघांच्याही तोंडी शिरलेली. जाबर, मास्तर, पास, खाडा, डबल पाळी हे गिरणीतले शब्द कुडाळच्याही नाहीत आणि पाटणच्याही नाहीत. म्हणून ठरवलं की ज्ञानू गावच्या माणसाशी एक बोलेल, इंदूशी थोडं मऊ आणि मिसळलेलं बोलेल.

एक बारीक अडचण. वार जुळतात, तिथी जुळत नाहीत. १९८२ची होळी ९ मार्चला आली होती, यंदाची महिनाअखेरीस आहे. सण गोष्टीतल्या पंचांगानं घ्यायचे.

१६ एप्रिल

परवापासून राज्यात करोनामुळे कडक निर्बंध. हॉटेलं, खानावळी, मेस यांना फक्त पार्सल द्यायची परवानगी. माझ्या गल्लीतली मेस चालवणारी काकू काल दारात डबे रचून उभी होती. जेवायला येणारी पोरं गावी गेली, डबे तसेच.

हे बघून गोष्टीत लगेच काहीतरी लिहावंसं वाटलं आणि तेच धोक्याचं होतं. ताईंशी बोललो. त्यांचं म्हणणं: आजचं दुःख इंदूच्या खोलीत सोडायचं नाही, पण आज दिसलेला एखादा हावभाव न्यायला हरकत नाही. मी रचलेल्या डब्यांकडे बघत उभं राहणं तेवढं त्यांना सांगितलं. त्यांनी ते इंदूला दिलं की नाही हे त्यांच्यावर.

गोष्टीत एप्रिल म्हणजे संपाचा तिसरा-चौथा महिना. खोल्या रिकाम्या होतायत. बायकापोरं गावाला पाठवली जातायत. कायद्यानं वाटाघाटी करायचा हक्क फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगार मात्र सामंतांच्या मागे, त्यामुळे बोलणी पुढे सरकत नाहीत. हे सगळं ज्ञानूला नाक्यावरच्या चर्चेतून तुकड्या-तुकड्यानं कळतंय. "दोन महिन्यांत मिटंल" हे तो फेब्रुवारीतही म्हणाला होता, आताही म्हणतो. शब्द तेच ठेवलेत मुद्दाम.

१९ मे

रविवारपासून ताईंचा काही पत्ता नाही. तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. फोन लागत नाही. बातम्यांत विजेचे खांब पडल्याचं, माड उन्मळल्याचं दाखवतायत. गोष्टीत पाळी ताईंची आहे. मी काहीही लिहिलेलं नाही.

रोलप्लेमध्ये जोडीदार गायब होणं नेहमीचं. बहुतेक वेळा लोक त्या पात्राला प्रवासाला पाठवतात, आजारी पाडतात किंवा सरळ मारून टाकतात आणि पुढे जातात. आमच्याकडे पात्र दुसऱ्याच्या हाती जात नाही, तेव्हा इंदू जिथे उभी आहे तिथेच राहणार. तिच्या हातात घासलेटचा डबा आहे, ती रांगेत आहे.

२४ मे

ताईंचा फोन आला. सगळे सुखरूप. घराच्या मागच्या पडवीवर आंबा पडला, कौलं गेली, वीज कालच आली. मी विचारलं की मधले दिवस गोष्टीत कसे भरायचे. त्या म्हणाल्या, "भरूचे कशाक? ज्ञानूक विचार, इतके दिवस जेवलो खय?"

म्हणजे गोष्टीतही इंदूची खोली इतके दिवस बंद होती, आणि ज्ञानूनं ते दिवस कसे काढले हे आता मला लिहायचंय. तो दुसऱ्या खानावळीत गेला असेल तर ते इंदूला कळणारच. छान पेच आहे. चार दिवस झोपलेलो नव्हतो, आज लिहायला बसल्यावर हात थांबत नाहीये.

१२ जून

ज्ञानू गावाला गेला. पेरणीच्या आधी बरेच कामगार गावी गेले होते, त्याला घरून पत्रही आलं होतं, तेव्हा निर्णय पात्राचा आणि काळाचा. पण दोन पात्रं एकमेकांसमोर नसतील तर रोलप्ले चालणार कसा? ताईंनी सुचवलं, आंतर्देशीय पत्रं. आता आमची पाळी म्हणजे एक पत्र. पोचायला दिवस लागतात, म्हणून पाठवलं त्या दिवशी दुसऱ्यानं वाचायचं नाही, तीन दिवस थांबायचं. आम्ही खरंच थांबतोय.

पत्रांनी चाल बदलली. समोरासमोर असताना ज्ञानूला जे बोलता येत नव्हतं ते तो लिहितोय. उलट इंदू पत्रात कोरडी झालीय, हिशेबाचं लिहिते. तिला लिहिता येतं पण जपून, अक्षर ओळखीच्या पोरानं वाचून दाखवलं तर चालेल असंच. ताईंचं हे निरीक्षण फार बारीक आहे: पत्र एकट्यानं वाचलं जाईल याची खात्री तेव्हा कुणालाच नसायची.

एका पत्रात इंदूनं आईला पाठवलेल्या पाकिटाचा उल्लेख आहे, पत्ता "जि. रत्नागिरी". मी कंसात विचारलं की सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला वेगळा झाला ना? ताई म्हणाल्या, झाला, पण वर्षभरात पत्ते लिहायची सवय मोडत नाही, त्यांच्या आजीनं तर कितीतरी वर्षं रत्नागिरीच लिहिलं. तसंच ठेवलं.

आणि आजच्या पत्रातली शेवटची ओळ. इंदू लिहिते: जाण्याआधी तुम्ही जेवायला बसला होता, तेव्हा ओठ ओढायची तुमची सवय गेलेली दिसली. मी ती लकब फेब्रुवारीनंतर लिहायचीच थांबलो होतो, दुसऱ्या गोष्टींकडे वळलो होतो. ताईंनी ते टिपलं आणि त्याचा अर्थ लावला: पाच महिने साचा नाही, धोटा नाही, तोंडाची सवय सुटली. माझ्या पात्राबद्दलची ही गोष्ट मला ताईंकडून कळली. ज्ञानू आता जास्त माझा आहे की कमी, सांगता येत नाही, पण तो पक्का माणूस झालाय.

२५ जुलै

लिखाण थांबवलंय. गुरुवारी रात्रीच्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रायगडात तळिये गेलं. चिपळूण पाण्यात. आजोळची माणसं ठीक आहेत.

ज्ञानू गोष्टीत आत्ता पाटणच्या डोंगरात आहे आणि जुलै आहे. ताईंनी स्वतःहून लिहिलं की पावसाचं काही नको, दरड तर नकोच, आणि तुला वाटेल तेव्हाच सुरू कर. नवी रेषा नियमांच्या पानावर घातली. तारखा पुढे जातील, गोष्टीत तेवढे दिवस कोरे राहतील, चालेल.

१८ ऑगस्ट

आज बुधवार, तेव्हाही बुधवार. १८ ऑगस्ट १९८२ला मुंबईत पोलिसांनी बंड केलं, लष्कर बोलवावं लागलं, गिरणगावात दंगल पेटली. या दिवसाची वाट आम्ही जानेवारीपासून बघत होतो आणि ज्ञानूला दोन दिवस आधीच मुंबईत आणून ठेवलं होतं. कारण साधं: गावात हातउसने मिळाले, वहीतली उधारी थोडी फेडायची.

आज पत्रं नाहीत, समोरासमोर. चॅट उघडून बसलो, दोघंही ऑनलाइन, एकेक-दोनदोन वाक्यांच्या पाळ्या. एवढ्या वेगानं आम्ही कधीच लिहिलं नव्हतं. खोलीचं दार लावलेलं, खाली पळापळ, इंदूचा नवरा बाहेर आहे. ज्ञानूला खाली जायचंय. इंदू त्याला अडवत नाही. ती फक्त विचारते, "तू गेलस आणि तो इलो नाय, तर मी कोणाक सांगू?" तो थांबतो. हे थांबणं मी लिहिलं, ताईंनी लिहायला लावलं नाही. पण त्या प्रश्नानंतर दुसरं काही लिहिता आलं असतं असं वाटत नाही.

बाहेर काय चाललंय हे आम्ही एका ओळीनंही दाखवलं नाही. खोलीतून जेवढं ऐकू येतं तेवढंच.

२२ ऑगस्ट

मतभेद. बंडानंतर आठवड्याच्या आतच १९८२चे गणपती आले. ताईंना इंदूला कुडाळला न्यायचंय. कोकणातलं माणूस गणपतीला गावी जाणार नाही हे त्यांना मान्यच नाही. माझं म्हणणं, एसटीच्या तिकिटाचे पैसे कुठून? कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, ती पूर्ण धावायला १९९८ उजाडलं. कशेडी घाटातून रात्रभरचा प्रवास, तोही नवराबायकोचा. वहीत येणं दिसतंय, हातात काही नाही.

मी युक्तिवाद करत होतो, पण निर्णय ताईंचा. इंदू त्यांची. त्यांनी तिला नेलं. पैसे कुठून आले हे लिहिलं नाही, आणि मी विचारायचं नाही, ज्ञानूनं विचारायचं. तो विचारणार नाही असं मी ठरवलंय. मोठी भांडी खोलीत दिसत नाहीत हे मात्र त्याच्या लक्षात आलेलं आहे.

५ सप्टेंबर

कागदपत्रांची निगा. आजवरचा सगळा मजकूर एका गूगल डॉकमध्ये ओतला, चॅटमधल्या पाळ्या तारखेनं लावल्या, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ताईंकडे छापून.

याला कारण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका ब्राँटी बहिणी. १८२६मध्ये भावाला मिळालेल्या लाकडी शिपायांपासून या भावंडांनी काल्पनिक राज्यं रचायला सुरुवात केली. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया चालवलं, एमिली आणि ॲन यांनी गोंडल. १८४५च्या उन्हाळ्यात एमिली आणि ॲन यॉर्कला जाऊन आल्या. त्या सफरीत दोघी गोंडलमधली पात्रं होऊन वावरत होत्या, आणि त्या पात्रांची नावं एमिलीनं महिन्याभरानं आपल्या टिपणात लिहून ठेवलीत. एमिली सत्तावीसच्या आसपास, धाकटी ॲन पंचविशीची, आणि रोलप्ले चालू. मला हे वाचून फार आनंद झाला. पण गोंडलच्या गद्य कथांपैकी एकही उरलेली नाही. कविता आहेत, नावांच्या याद्या आहेत. दोघींनी एकमेकींना काय काय उत्तरं दिली ते गेलं.

म्हणून दुहेरी कंसातलं बोलणंही जपायचं ठरवलं, वेगळ्या फाइलमध्ये.

१७ ऑक्टोबर

ताईंनी खानावळ बंद केली.

आधी सांगितलं नव्हतं. ज्ञानू येतो आणि दाराला कुलूप. शेजारीण सांगते, वैनी आता दादरला कुणाकडे पापड लाटायला जाते, सकाळी जाते, दिवेलागणीला येते. मी सकाळी वाचलं आणि दुपारपर्यंत काही लिहिलं नाही. मी ज्ञानूला दिवाळीत सगळी उधारी घेऊन वहीसमोर बसवणार होतो, त्याच्या बायकोची मोहनमाळ मोडून. महिनाभर मी त्या प्रसंगाकडे गोष्ट नेत होतो. तो प्रसंग गेला.

फोन केला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की वाण्यानं उधार बंद केलं तेव्हाच खानावळ संपली होती, मीच गोष्टीत सप्टेंबरमध्ये वाणी लिहिला होता. ते खरं आहे. वाण्याचं ते वाक्य मी सहज टाकलं होतं, ताईंनी त्याचा हिशेब केला. आपल्या पात्राचं काहीही करायला परवानगी लागत नाही हा नियम अशाच दिवसासाठी केला होता आणि तो मला आजही मान्य आहे.

संध्याकाळी लिहिलं. ज्ञानू जिन्यात बसून राहतो. इंदू येते. तो पैसे पुढे करतो. ताईंच्या इंदूनं आधी कुलूप काढलं, दिवा लावला, वही काढली. मग दोघं बसून एकेक खूण वाचतात. ती म्हणते इतकी जेवणं. तो म्हणतो, न्हाय, मे महिन्यात खोली बंद हुती, ते दिवस का न्हाय लावलं? ती म्हणते ते लावायचेच नाहीत. तो म्हणतो लावायचे. वादळातले तेच दिवस. हा सगळा वाद पैशाचा आहे आणि नाहीही. तो जास्त द्यायला बघतोय आणि ती कमी घ्यायला. शेवटी रक्कम किती ठरली हे ताईंनी लिहिलं नाही. तिनं पेन्सिलीनं त्याचं पान आडवं खोडलं एवढंच लिहिलं, आणि पाळी माझ्याकडे आली.

मी लिहिलं: ज्ञानू विचारतो, "उद्याचं काय?"

३१ डिसेंबर

गोष्ट आज थांबवली, ३१ डिसेंबर १९८२ला. संप चालूच आहे. कुणी परत कामावर गेलंय, कुणी गावी, ज्ञानूला एका वर्कशॉपमध्ये हेल्परचं काम मिळालंय आणि ते संपापुरतंच आहे असं तो सगळ्यांना सांगतो. शेवटची पाळी ताईंची. इंदू त्याला म्हणते, रविवारी ये, बांगडे हाडतलंय, पण वही नाय हां. ज्ञानूचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. ते लिहायचं नाही असं ठरलं.

१८ जानेवारी २०२२

संपाला आज ४० वर्षं झाली. संपादनाचं काम सुरू. पुनरावृत्ती काढायच्या, बोलींचं शुद्धलेखन एकसारखं करायचं, गिरणीतले शब्द एका गिरणी कामगाराकडून तपासून घ्यायचेत. वेळ ठरली आहे. दोघांची नावं पुढे-मागे नकोत म्हणून पात्रांच्या नावापुढे लेखकाचं नाव असं छापणार.

एक मुद्दा राहिलाय. मला शेवटी एक पान जोडायचंय: संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही, ऑक्टोबर १९८३मध्ये सरकारनं तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला, हजारो माणसांना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही. वर्षभर आम्ही ही माहिती पात्रांपासून जपली; वाचकापासून का लपवायची? ताईंचं म्हणणं, वाचकाला ती माहीतच आहे, आणि ज्याला नाही त्यानं ज्ञानूइतकंच जाणून पुस्तक मिटावं. मी पान लिहून डॉकमध्ये सगळ्यात खाली ठेवलंय. ताईंनी त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.